फंडवाला पारखायला शहरात: तीन दिवस, दोन माणसं आणि मी एकटी

या ब्लॉगवर तुम्ही डोंगर बघायला येता, ते मला ठाऊक आहे. ब्लॉग माझ्या नातीचा, मयूरीचा. ती बेंगळुरूला नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की बर्फात जाऊन थंडी वाजली असं लिहिते. या खेपेला प्रवास मी केलाय, अजिंठ्याजवळच्या आमच्या गावातून संभाजीनगरला, आणि बोलतेय पण मीच. मला अक्षर येत नाही. मी फोनमध्ये बोलते, ती तिकडं ऐकून लिहिते. माझं काही गाळू नको असं तिला बजावलंय. गाळलं तरी मला कळणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे, पण सांगायचं काम केलं.

जायचं कारण असं. आमचं रान रस्त्यात गेलं आणि त्याचे पैसे आले. दोन कोटी. मी ते कधी बघितले नाहीत, बँकेतल्या पोरीनं सांगितलं म्हणून आहेत असं धरून चालायचं. माझा मुलगा दिलीप, मयूरीचा बाप, पुण्याला असतो. तो म्हणाला, "आई, दिवाळीपर्यंत ठरव काय करायचं ते. नाहीतर इथं मोठा फ्लॅट घेऊ. त्यात तुला एक खोली." त्या खोलीचा मला अंदाज आहे. आधीच्या फ्लॅटमध्ये महिनाभर राहिले होते. सकाळी आठला सगळे बाहेर पडतात, मग मी आणि फ्रीज. तो मधूनमधून घरघर करतो तेवढीच सोबत. एकटी मी गावात पण आहे, माझे मालक जाऊन वीस वर्षं झाली. पण गावात माझ्या एकटेपणाला अंगण आहे.

म्हणून दिवाळीच्या आत पैशाला काहीतरी चांगलं काम लावायचं होतं. मयूरीनं फोनवर समजावलं की असे फंड असतात. पुष्कळ लोकांचे पैसे एकत्र करतात आणि एक जाणता माणूस ते शेतीच्या धंद्यात, सौर विजेत घालतो. पीक आलं की वाटा देतो, स्वतःचा वाटा ठेवतो.

"म्हणजे बटई," मी म्हटलं.

"आजी, तसं नसतं गं ते."

तसंच असतं. रान माझं, राबणार तो, पीक दोघांचं. मालक गेल्यावर वीस वर्षं मी रान बटईनं दिलं. अकरा गडी बघितले, त्यातले दोन चुकले. इतक्या अनुभवाचा माणूस त्या फंडवाल्यांकडं तरी असतो का, कोण जाणे. मयूरीनं दोन नावं काढून दिली, दोघांना फोन करून वेळ ठरवली. सरकारी नोंदणी आहे का, तेही तिनंच बघितलं. तेवढं तुम्हीही आधी बघा, घरबसल्या होतं. पुढचं घरबसल्या होत नाही.

सोमवारी सकाळी निघाले. पंचाहत्तरी ओलांडलेल्याला एसटी फुकट आहे. आधार कार्डावर माझं वय दोन वर्षं जास्त लागलंय, ती चूक मी आजवर कोणाला दुरुस्त करू दिली नाही. पदराला पाच गाठी मारल्या, पाच प्रश्नांच्या. तुम्ही वही नेता, मी पदर नेते. पाटी वाचता येत नसली की गाडी कशी ओळखायची, हे विचारणाऱ्यांसाठी सांगते: कंडक्टरला विचारा, मग बसलेल्या बाईला विचारा, दोघांचं जुळलं तर चढा. सिल्लोडला दहा मिनिटं थांबते, तिथला चहा बरा. फुलंब्रीपर्यंत दोन्ही अंगाला मका उभा होता. रस्ता आता गुळगुळीत आहे. इतका की माझ्या शेजारची बाई झोपून माझ्या खांद्यावर आली. मी हलले नाही. कोणी खांद्यावर डोकं ठेवून बरेच दिवस झाले होते.

सिडकोच्या स्टँडला उतरले. जवळच एक लॉज आहे, खोली सहाशे रुपये, गरम पाणी सकाळी आठपर्यंत. गादी टणक, ती माझ्या पाठीला मानवली. काउंटरवरचा माणूस आधार कार्ड उलटसुलट बघून म्हणाला, "बरोबर कोण आहे, मावशी?"

"तूच दिसतोयस सध्या तरी."

तो हसला नाही. वहीत अंगठा घेतला, किल्ली दिली आणि दर तासाला वर येऊन दार वाजवायला लागला, मावशी ठीक आहात ना म्हणून. मी मेले तर त्याला पोलिसांचं लचांड, हे मला समजत होतं. तरी तिसऱ्यांदा वाजवल्यावर दार उघडून म्हटलं, "बाबा, मरायचं ठरलं तर आधी खाली येऊन सांगंन."

दुपारी पहिला फंडवाला. त्याचं ऑफिस जालना रोडवर काचेच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर. शेअर रिक्षाला वीस रुपये. रिक्षावाला दाढीवाला, पिकलेला. त्यानं विचारलं, "अम्मा, अकेले? साथ में कोई नई?"

"नई."

"बच्चे?"

"हैं. पुणे में."

"मेरे बी हैं. दुबई में." मग आम्ही दोघंही चिकलठाण्याच्या विमानतळाच्या दिशेला बघत राहिलो. उतरताना त्यानं पैसे घेतले बरं का, तुम्हाला वाटेल घेतले नसतील.

ऑफिसात थंडी अशी की मयूरीनं बर्फात जायचं कारण नव्हतं. फंडवाला तिशीतला, कोट घातलेला. मला मॅडम म्हणाला. भिंतीवर मोठ्या पडद्यावर सौर तक्ते, हिरवी शेतं, एक शेतकरी हसतोय. त्या शेतकऱ्याचं धोतर इतकं पांढरं होतं की मला शंका आली. कोटवाला वीस मिनिटं बोलला. मी ऐकून घेतलं. बटईला आलेला गडीसुद्धा आधी बोलतो, बोलू द्यावं, त्यातच कळतं तो रानाबद्दल बोलतोय का स्वतःबद्दल.

मग पहिली गाठ सोडली. "या फंडात तुझं स्वतःचं किती आहे?"

"मॅडम, आमची टीम खूप कमिटेड आहे."

"ते झालं. पैसे किती?"

तो पडद्याकडं बघत म्हणाला, कायद्याप्रमाणे जेवढे ठेवायला लागतात तेवढे कंपनीनं ठेवलेत. त्याचे स्वतःचे नव्हते. बटईत बियाणं निम्मं गड्यानं घालायचं असतं. ज्याचं बी जमिनीत नाही तो पावसाची वाट वेगळ्या डोळ्यानं बघतो.

दुसरी गाठ. "पीक बुडालं तर तुझी मजुरी बुडते का?"

मजुरी दरवर्षी घेणार, पीक येवो न येवो. आणि ती मजुरी नफ्यावर नाही, घातलेल्या सगळ्या पैशावर. हे त्यानं इतकं भरभर सांगितलं की मी दोनदा परत बोलायला लावलं.

तिसरी गाठ. "बुडालेलं काम दाखव."

"आमचं एकही बुडालेलं नाही, मॅडम."

"किती वर्षं झाली?"

"तीन."

"मग अजून उगवायचंच आहे," मी म्हटलं. चौथी गाठ सोडायच्या आधी त्यानं कागद पुढं केला आणि शाईचा डबा पण. शाईचा डबा त्यानं माझ्यासाठी खास आणून ठेवला होता, नवा कोरा. तेवढी त्याची तयारी मला आवडली. पण अंगठा मी मुठीत ठेवला. त्यांचं सौर केंद्र कुठं आहे ते विचारलं. त्यानं सांगितलं, चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोड सोडून आत, आणि शुक्रवारी गाडीनं दाखवायला नेतो म्हणाला. मी बरं म्हटलं.

आमच्यात रीत अशी की गड्याचं चालू रान बघायला त्यानं बोलावलेल्या दिवशी जायचंच नाही. आणि रस्त्याकडची कड बघायची नाही. रस्त्याकडची कड सगळेच निंदतात. पार टोकाचा बांध गाठायचा.

संध्याकाळी खानावळीत जेवले. शंभर रुपयांत पिठलं, भाकरी, ठेचा, भात. पिठलं पातळ. आयुष्यात पहिल्यांदा मी न रांधलेलं, न वाढलेलं ताट एकटी बसून खाल्लं. समोरच्या खुर्चीवर पिशवी ठेवली होती. वाढप्यानं विचारलं, कोणी यायचंय का? मी म्हटलं, नाही, पिशवीलाच बसवलंय. दिलीपचा फोन आला तो तेव्हाच. त्याचा फोन रोज येतो, दोन मिनिटांचा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवू का. मी जेवतेय म्हटलं. कुठं बसून ते त्यानं विचारलं नाही, म्हणून मला खोटं बोलावं लागलं नाही.

मंगळवारी सकाळी तीच शेअर रिक्षा, पुढं चिकलठाणा ओलांडून पायी. गुडघे असतील तर अर्धा तास, माझे असतील तर एक. सौर केंद्र दिसलं. रस्त्याकडच्या रांगा आरशासारख्या लख्ख. फाटकावर एक राखणदार खुर्ची टाकून बसला होता. त्याला सांगितलं, माझी शेळी आत शिरलीय.

"शेळी नाय आली इकडं, आजी."

"तू बघत होतास का मोबाइल बघत होतास?"

तो उठला. "चला, बघू." बिचारा माझ्याबरोबर रांगांमधून हिंडला, नसलेल्या शेळीला हाका मारत. तिचं नाव काय म्हणून त्यानं विचारलं तेव्हा मी घाईत माझ्या जावेचं नाव सांगितलं. पार मागच्या कडेला गेलो तर तिथं तक्त्यांवर बोटभर धूळ, खालून गवत वर येऊन सावली करतंय. सावलीतला तक्ता म्हणजे सावलीतला कापूस, बोंड धरत नाही.

"हे पुसत नाय का कोणी?"

"पाण्याचा टँकर महिन्यातून एकदा येतो. पुढच्या चार रांगा होतात, मग संपतो." तो बोलायला लागला की थांबेना. त्यालाही दिवसभर बोलायला कोणी नसणार. "साहेब बदलतात ओ. मी आल्यापासून तीन झाले. नवा आला की फोटो काढतो, मग दिसत नाय. लोक बघायला आणायचे असले की आदल्या दिवशी फोन येतो, पुढचं धुवून ठेव."

शुक्रवारची गाडी मग मी रद्द करायला लावली. राखणदारानं मात्र माझा फोन नंबर मागितला, शेळी सापडली तर कळवायला. आता दर चार दिवसांनी फोन करतो. अजून दिसली नाय म्हणतो. खरं सांगायचं धाडस होत नाही, आणि फोन बंद व्हावा असंही वाटत नाही.

बुधवारी दुसरी. वैशालीबाई नावाची, पन्नाशीची, शहराच्या दुसऱ्या टोकाला, बजाजनगरात. सिटी बसनं जा, तीस-पस्तीस रुपये, पण कारखान्यांची पाळी सुटायच्या वेळेला जाऊ नका, उभं राहायला जागा मिळत नाही. ऑफिस नटबोल्टच्या दुकानाच्या वर, जिना अरुंद. एक पंखा, दोन टेबलं. तिनं मला आजी म्हटलं आणि पाणी स्वतः उठून दिलं.

"बरोबर कोण आलंय?" तिनं पण विचारलं.

"प्रश्न आलेत," मी म्हटलं आणि गाठी सोडायला घेतल्या.

तिचे स्वतःचे पैसे फंडात होते. किती, ते तिनं आकड्यानं सांगितलं. मजुरी ती पण घेते, बुडालं तरी घेते, हे तिनं माझ्या विचारण्याआधी सांगितलं. "पण नफ्यातला वाटा तुमचं मुद्दल आणि त्यावरचा ठरलेला वाढावा तुम्हाला मिळाल्यावरच." कमीत कमी किती घालायचं, तर एक कोटी. तेवढ्याखाली कायद्यानं घेता येत नाही.

"बुडालेलं दाखव," मी म्हटलं.

तिनं टेबलावरची गाडीची किल्ली उचलली. "चला."

गंगापूरच्या अंगाला अर्ध्या तासावर एक शेड. वर काच, आत जाळीची तबकं, उन्हावर अद्रक वाळवून सुंठ करायचं केंद्र. बंद पडलेलं. तबकांवर आता कोणाच्यातरी लाल मिरच्या वाळत होत्या. ती दारातच थांबली, मी आत हिंडले.

"काय चुकलं?"

"माझं चुकलं. अद्रकाचा भाव पडला होता त्या वर्षी मी हे उभं केलं. लोक म्हणाले, वाळवून ठेवू, नंतर विकू. पुढच्या वर्षी भाव चढला आणि सगळ्यांनी ओलंच विकलं. वाळवायला कोण आणणार?"

"हे तुला कोणी सांगितलं नाय का आधी?"

"मी विचारलं नाही."

मी उलट्या क्रेटवर बसले. माझ्याजवळ भाकरी होती, निम्मी तिला दिली. आम्ही मिरच्यांच्या वासात जेवलो. चौथी गाठ सोडली: ज्यानं पैसे मध्येच काढून घेतले त्याचा नंबर दे, खूश असलेल्याचा नको. तिनं तिथंच फोन लावून दिला. एक रिटायर मास्तर होते. म्हणाले, नियमात बसत नव्हतं तरी तिनं माझा हिस्सा घेणारा दुसरा माणूस शोधला, आठ महिने लागले, मी लई शिव्या घातल्या, पण बाई फोन उचलायची.

पाचवी गाठ. "मला माझं रान परत कधी?"

"सात वर्षांनी."

मी माझ्या गुडघ्यांकडं बघितलं. तीही बघत होती.

"आजी, तुमच्या दोन कोटींतलं एक मी घेऊ शकते, दुसरं घेणार नाही, तुम्ही दिलं तरी. ते बँकेत राहू द्या. आणि आज अंगठा पण घेणार नाही."

"का?"

"कागद इंग्रजीत आहेत, साठ पानं. मी वाचून दाखवलं तर मी मला पाहिजे तसं दाखवंन. तुमच्या बाजूच्या माणसानं वाचायला पाहिजे. आणि कुठल्याही माणसानं नाही. सात वर्षांनी हे पैसे ज्याच्या हातात जायची शक्यता आहे, त्यानं. त्याला माहीत नसलं तर तो उद्या माझ्याशी भांडेल, आणि तुमच्याशी भांडायला तुम्ही नसाल."

अकरा गड्यांपैकी कोणी मला असं बोललं नव्हतं. परतीच्या वाटेत ती गाडी चालवत होती आणि मी बाहेर बघत होते. तीन दिवस सगळे विचारत होते बरोबर कोण आहे, आणि मी सगळ्यांना उलटं उत्तर देत होते. हिलाही आधी दिलं होतं, आता देता आलं नाही. मालक होते तोवर पत्र आलं की ते मोठ्यानं वाचायचे, मध्ये थांबून चष्मा पुसायचे. तेव्हापासून माझ्या घरात कोणी काही वाचलेलं नाही.

गुरुवारी सकाळची एसटी धरून घरी आले. संध्याकाळी दिलीपचा फोन आला. जेवलीस का, गोळी घेतलीस का. मी सगळं सांगितलं. तो चिडला, एकटी गेलीस म्हणून, लॉजवर राहिलीस म्हणून, शेळीवरून तर फारच. मी चिडू दिलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलत होता.

"कागद तुझ्या फोनवर पाठवायला लावलेत," मी म्हटलं. "ठरवायचं मी. तू फक्त वाचायचं. मराठीत सांगायचं, काही न गाळता."

"साठ पानं? आई, वेळ कुठंय?"

"रोज एक वाच."

पहिल्या दिवशी त्यानं पान असं वाचलं जसं शाळेत शिक्षा म्हणून वाचतात. चौथ्या दिवशी तो मध्येच थांबून म्हणाला, "थांब, हे मलाच नीट कळलं नाही, परत वाचतो." दहाव्या दिवशी वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, त्या शेडमध्ये मिरच्या कोण वाळवतं, त्यांना जागा फुकट वापरू देतात का? मी म्हटलं, उद्या विचारून सांगते. आता तो साडेसहाला फोन करतो, ऑफिसातून निघाल्यावर गाडी बाजूला लावून. चाळीस मिनिटं बोलतो. त्यातली वाचायची पंधराच असतात. फ्लॅटचा विषय त्यानं काढलेला नाही, मीही नाही.

प्रवास कसा झाला म्हणून विचाराल तर सांगते: लॉज स्वच्छ, रिक्षावाले सरळ, पिठलं पातळ. फंडवाला बघायला जायचं असेल तर न सांगता जा, मागच्या कडेनं जा, बुडालेलं आधी बघा. वैशालीबाईवर माझा भरवसा बसलाय. अंगठा तिलाच देणार, ते त्या शेडमध्येच ठरलं होतं.

पण अजून दिलेला नाही. आम्ही सेहेचाळिसाव्या पानावर आहोत. पान संपलं की दिलीप विचारतो, "समजलं का, आई?" सगळं समजलेलं असतं. बटईतलं मला न समजण्यासारखं त्या साठ पानांत काही नाही. मी म्हणते, "नाय समजलं. परत वाच." आणि तो परत वाचतो.

इथं मयूरी फोनवर थांबली आणि म्हणाली, "आजी, हे गाळू का? बाबा माझा ब्लॉग वाचतात."

राहू दे, म्हटलं. वाचू दे त्याला.